इम्प्लांट हवंय, पण खुर्चीचा धसका घेतलाय

या वेळी दातांच्या इम्प्लांटविषयीची, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात बसवण्याविषयीची पत्रं एकत्र घेतली आहेत. सगळ्यांच्या मुळाशी भीतीच आहे, पण ती एका जातीची नाही. कुणाला सुईची, कुणाला रक्ताची, कुणाला घशाशी येणाऱ्या उबळीची, तर कुणाला तोंड उघडल्यावर बोलणी खावी लागतील याची. सुईच्या भीतीवरचा उपाय उबळीला चालत नाही, म्हणून उत्तरंही त्या त्या भीतीला धरून दिली आहेत.

प्रश्न : वय ५२. उजवीकडच्या खालच्या दोन दाढा सहा वर्षांपूर्वी काढल्या. त्यातली एक काढताना भूल चढलीच नव्हती आणि ‘थोडं सहन करा’ म्हणत ती काढली. तेव्हापासून दवाखान्याच्या पायरीवरच माझे हातपाय गार पडतात. डावीकडून चावून चावून आता तीही बाजू दुखते. घरचे इम्प्लांट करून घे म्हणतात. पुन्हा तसंच झालं तर?
— एक वाचक, कराड

उत्तर : तुम्हाला दुखलं ते खरंच दुखलं होतं, तो मनाचा खेळ नव्हता. दाढेखाली पू किंवा सूज असली की तिथला भाग आम्लधर्मी होतो आणि लिग्नोकेनसारखं भुलेचं औषध अशा जागी नसेच्या आत नीट शिरू शकत नाही. ‘माझ्यावर भूल चालतच नाही’ असं मनात धरून बसलेल्या बऱ्याच जणांची गोष्ट खरं तर अशा सुजलेल्या दाढेची असते. तुमची इम्प्लांटची जागा सहा वर्षांपूर्वीच भरून आली आहे. तिथं पू नाही, ठणकणारा दात नाही. ठणकत्या दाढेपेक्षा अशा शांत जागी भूल कितीतरी सहज चढते.

सुरुवात फोनवरून करा. ‘मला फार भीती वाटते, पहिल्या भेटीत फक्त बोलायचं आहे, तोंडात काही घालायचं नाही’ हे आधीच सांगा आणि सकाळची पहिली वेळ मागा. दिवसभर वाट बघत बसलं की धसका वाढत जातो. त्या भेटीत शक्यतो साध्या खुर्चीवर बसून बोला. भीती मोजण्याची पाच प्रश्नांची एक पद्धत जगभर वापरतात : उद्या डेंटिस्टकडे जायचं असेल तर, बाहेर वाट बघत बसल्यावर, दात कोरताना, दात साफ करताना आणि हिरडीत इंजेक्शन देताना किती भीती वाटते. प्रत्येकाला १ ते ५ गुण द्यायचे. बेरीज १९ किंवा त्याहून जास्त आली तर भीती तीव्र समजतात. कागदावर हे लिहून नेलंत तर सगळं तोंडानं सांगावं लागत नाही, आणि कुठल्या प्रश्नाला ५ गुण दिलेत ते बघून डॉक्टरांनाही नेमकी अडचण कळते.

थांबण्याची खूणही तेव्हाच ठरवा. डावा हात वर केला की काम थांबलं पाहिजे, कारण विचारायचं नाही. ही खूण एकदा मुद्दाम, काही होत नसताना करून पाहा. ती पाळली जाते हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढं बरंच सोपं जातं. हसण्यावारी नेली गेली, तर दवाखाना बदला.

सहा वर्षं जागा रिकामी असल्यानं तिथलं हाड रुंदीला आणि उंचीला झिजलेलं असणार. समोरची वरची दाढ खाली उतरलेली आणि मागची दाढ पुढं कललेली असू शकते. म्हणून सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्सरे लागतो. खालच्या जबड्यातून ओठाची संवेदना नेणारी नस जाते. तिच्यापासून इम्प्लांटचं टोक निदान २ मिमी लांब राहायला हवं आणि ते मोजायला साधा एक्सरे पुरत नाही. या तपासणीत काही टोचत नाही, त्यामुळं घाबरलेल्या माणसासाठी ही पहिली पायरी चांगली.

आता त्या दिवशी काय होतं ते क्रमानं सांगतो, कारण पुढं काय येणार हे माहीत नसलं की भीती दुप्पट होते. आधी हिरडी कोरडी करून बधिर करणारी जेली लावतात. ती एक-दोन मिनिटं राहू द्यायला सांगा. लावल्या लावल्या सुई टोचली तर जेलीचा उपयोग नाही. सुई २७ किंवा ३० गेजची मागा; आकडा जितका मोठा, सुई तितकी बारीक. मात्र टोचण्यापेक्षा औषध भसकन आत गेल्यानं होणारा ताण जास्त दुखतो. एक मिलीलीटर औषधाला साधारण एक मिनिट, इतकं हळू द्यायला सांगणं हा तुमचा हक्क आहे. भूल टिकावी आणि रक्त कमी यावं म्हणून त्यात बहुधा अ‍ॅड्रिनलिन असतं. त्यानं एक-दोन मिनिटं छाती धडधडते, हात थरथरतात. इथं बरेच जण ‘मला काहीतरी होतंय’ म्हणून उठून बसतात. तो औषधाचा परिणाम आहे आणि काही मिनिटांत उतरतो.

मग थांबायचं. खालचा ओठ अर्ध्यातून जड आणि सुजल्यासारखा वाटला पाहिजे. डॉक्टरांना टोकदार हत्यारानं हिरडी टोचून बघायला सांगा. भुलेनं दुखणं जातं, दाब जात नाही, हे घोकून ठेवा. दाबलेलं, ढकललेलं, थरथरलेलं सगळं कळणार आहे. ते कळलं म्हणजे भूल उतरली असं नव्हे. टोचलं, झणझणलं तर मात्र हात वर करा, भूल वाढवता येते.

हिरडीला छोटा छेद देऊन हाड उघडं करतात. पहिलं ड्रिल साधारण २ मिमी जाडीचं असतं, मग पायरीपायरीनं जाड ड्रिल घेत इम्प्लांटपेक्षा किंचित बारीक भोक तयार करतात. दात कोरायच्या मशीनचा तो कर्कश शिट्टीसारखा आवाज तुमच्या कानात बसला असेल. ते मशीन मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं. इम्प्लांटचं ड्रिल बहुतेक वेळा ८०० ते १२०० फेऱ्यांवरच चालवतात. शिट्टी नसते, घुर्रर्र असा खालच्या पट्टीतला आवाज येतो. कारण असं की हाड ४७ अंशांपर्यंत तापून मिनिटभर तसंच राहिलं तर मरतं आणि मेलेल्या हाडाला इम्प्लांट धरत नाही. म्हणून वेग कमी आणि वरून सलाइनची धार सतत चालू. त्या धारेनं तोंडात पाणी साचतं, ओढून घेणारी नळी बाजूलाच असते. नाकानं श्वास घेत राहा.

शेवटी टायटॅनियमचा स्क्रू, सामान्यतः ३.५ ते ५ मिमी जाड आणि ८ ते १३ मिमी लांब, हळूहळू फिरवत बसवतात. जबडा आवळल्यासारखा वाटतो तो हा क्षण. मग टाके. एका इम्प्लांटला, भूल चढायचा वेळ धरून, पाऊण ते एक तास. तुम्हाला दोन लागले तरी एकाच बैठकीत करून घ्या. घाबरणाऱ्या माणसाला खरी शिक्षा दोनदा यायची असते.

प्रश्न : मला काहीच कळायला नको. सरळ झोपवून सगळं करता येत नाही का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : येतं, पण एक-दोन इम्प्लांटसाठी पूर्ण बेशुद्ध करण्याची गरज क्वचितच पडते. मधल्या पायऱ्या आधी बघा.

सगळ्यात सौम्य म्हणजे नाकावर छोटा मास्क लावून दिलेला नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन. आधी नुसता ऑक्सिजन, मग वायू थोडा थोडा वाढवत बहुधा ३० ते ५० टक्क्यांपर्यंत नेतात. अंग हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात. तुम्ही जागेच असता. शेवटी काही मिनिटं पुन्हा नुसता ऑक्सिजन दिला की गुंगी उतरते. नाक चोंदलेलं असेल तर हा उपाय चालत नाही. गरोदरपणात किंवा डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशनमध्ये नुकताच वायू भरला असेल तर घ्यायचा नाही. आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या शाकाहारी लोकांनी ध्यानात ठेवावी : हा वायू शरीरातलं बी-१२ निकामी करतो. बी-१२ मुळातच कमी असेल तर आधी सांगा.

दुसरा उपाय गोळी. ती डॉक्टरांनी तुमचं वय, वजन आणि इतर औषधं बघून द्यायची असते. घरातल्या कुणाची झोपेची गोळी घेऊन येऊ नका. कुणाला तिचा काहीच परिणाम होत नाही आणि कुणाचा श्वास मंदावतो. मोठ्यानं घोरणाऱ्यांनी आणि वयस्करांनी जास्त जपायचं.

तिसरा, शिरेतून मिडॅझोलॅम हे गुंगीचं औषध. हाक मारली तर ओ देता येते, पण नंतर बहुतेक काही आठवत नाही. तुम्हाला हवंय ते बहुधा हेच. यासाठी भूलतज्ज्ञ हजर हवेत. बोटाला ऑक्सिजन मोजणारं यंत्र, रक्तदाब मोजण्याची सोय, ऑक्सिजनचा सिलिंडर आणि उतारा म्हणून फ्लुमॅझेनिल हाताशी हवं. ‘हे सगळं इथंच आहे का’ असं सरळ विचारा. जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधी बंद. घरचं माणूस बरोबर हवं. २४ तास गाडी चालवायची नाही, दारू नाही, कुठल्या कागदावर सही नाही.

या तिन्हींत जागेवरची भूल द्यावीच लागते. गुंगीनं भीती जाते, दुखणं जात नाही.

प्रश्न : सुई बघितली की मला चक्कर येते, रक्त तपासायला गेल्यावर दोनदा पडलो आहे. वय २९, पुढचा एक दात अपघातात गेला. दीर्घ श्वास घेतो, अंग सैल सोडतो, तरी उपयोग नाही.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : उपयोग होत नाही, कारण तुमच्या बाबतीत तो सल्लाच उलटा आहे. इतर भीतींमध्ये रक्तदाब चढतो. रक्ताच्या आणि सुईच्या भीतीत तो आधी थोडा चढून एकदम पडतो, नाडी मंदावते आणि मेंदूला रक्त कमी पोचतं. अंग सैल सोडलं की तो आणखी पडतो. तुम्ही अंग आवळायचं. दोन्ही पाय, पोट आणि मुठी १० ते १५ सेकंद घट्ट आवळून धरा. चेहरा गरम झाल्यासारखा वाटला की सोडा, पण पूर्ण लुळे पडू नका. २०-३० सेकंदांनी पुन्हा. असं पाच वेळा. घरी आठवडाभर रोज काही वेळा सराव करा, मग सुईचं चित्र बघत करा आणि त्या दिवशी इंजेक्शनच्या आधीपासून सुरू करा. खुर्ची आडवी, पाय किंचित वर.

आणि खाऊन जा. दातांचं काम म्हणजे ऑपरेशन, म्हणून उपाशी जायचं, असा समज फार आहे. फक्त जागेवरची भूल असेल तर तासभर आधी पोहे किंवा पोळी-भाजी खाऊन जायचं. रिकामं पोट आणि भीती मिळून खुर्चीत घेरी आणतात. गुंगीचं औषध ठरलं असेल तरच उपाशी राहायचं, तेही सांगतील तेवढेच तास.

प्रश्न : माप घेताना तोंडात तो लगदा घातला की ओकारी येते. मागच्या वेळी ट्रे अंगावर सांडला आणि सगळे माझ्याकडे बघत राहिले.
— एक वाचक, सांगली

उत्तर : लाज वाटण्यासारखं काही नाही, ही शरीराची प्रतिक्रिया आहे. तोंडात फिरवायच्या स्कॅनरनं माप घेणारा दवाखाना शोधा, लगदा लागतच नाही. लगद्याशिवाय सोय नसेल तर खुर्ची सरळ ठेवायला, ट्रे मागून पुढं बसवायला आणि लवकर घट्ट होणारं साहित्य वापरायला सांगा. हनुवटी छातीकडे, श्वास नाकानं, एक पाय इंचभर उचलून धरलेला. लक्ष पायाकडे गेलं की उबळ दबते. भेट जेवणानंतर लगेच ठेवू नका.

प्रश्न : वीस वर्षं गुटखा आणि सुपारी, आता दोन वर्षं बंद. आई अजून मिश्री लावते. आम्हा दोघांनाही दाढा बसवायच्या आहेत, पण डॉक्टर ओरडतील म्हणून जात नाही.
— एक वाचक, जळगाव

उत्तर : आधी आरशासमोर उभं राहून स्वतःची तीन बोटं उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून बघा. तिन्ही शिरली तर तोंड बरंच उघडतंय. दोनच शिरत असतील, तिखट झोंबत असेल आणि गालाची आतली बाजू पांढुरकी, ताठ लागत असेल, तर तो सुपारीमुळं होणारा सबम्यूकस फायब्रोसिस असू शकतो. गुटखा सोडल्यावरही तो आपोआप जात नाही आणि त्यातून कॅन्सर होण्याचा धोका असतो. तुमच्यासाठी इम्प्लांट ही दुसरी गोष्ट, तोंडाची तपासणी पहिली, आणि ती याच आठवड्यात. दोन आठवड्यांत न भरलेला चट्टा किंवा जखम असेल तर बायोप्सी लागते.

इम्प्लांटच्या दृष्टीनंही तोंड उघडणं महत्त्वाचं. मागच्या दाढेच्या जागी ड्रिल आणि ते धरणारं हँडपीस उभं मावायला ३५ ते ४० मिमी जागा लागते. कमी असेल तर ड्रिल तिरकं जातं. आईंची मिश्री ही भाजलेली तंबाखूच. तंबाखूनं हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम उशिरा भरते आणि इम्प्लांट हाडात न रुजण्याचा धोका वाढतो. आधी काही आठवडे आणि नंतर निदान हाड धरेपर्यंत मिश्री बंद हवी. कायमची सुटली तर फारच उत्तम.

ओरडण्याविषयी : मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, नायरचं दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं इथं अशी तोंडं रोज बघतात. जळगावहून संभाजीनगर जवळ पडेल. ‘गुटखा होता, दोन वर्षं बंद आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगून टाका.

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे. खालची कवळी सारखी उचलते, नीट जेवण होत नाही. मधुमेह आहे, रक्त पातळ होण्याची गोळी चालू. ‘एवढे स्क्रू मारून घेण्यापेक्षा पेज पिऊन राहीन’ म्हणतात.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : त्यांना ‘एवढे’ लागणारच नाहीत. पूर्ण बोळक्या खालच्या जबड्यासाठी पुढच्या भागात दोनच इम्प्लांट घालून त्यांच्यावर कवळी बटणासारखी अडकवता येते. २००२ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यासाठी याच पर्यायाला पहिली पसंती दिली होती. पुढच्या भागात हाड सहसा शिल्लक असतं आणि ओठाची नस मागं राहते, त्यामुळं काम छोटं होतं. कवळी रात्री काढून धुता येते. बटणातला प्लास्टिकचा भाग झिजतो आणि अधूनमधून बदलावा लागतो, हे आधीच धरून चाला.

एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, ७ च्या आसपास असेल तर चांगलं; ८ च्या वर असेल तर बहुतेक डॉक्टर आधी साखर आटोक्यात आणायला सांगतात. रक्ताची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. दोन दिवस बंद ठेवून झटका ओढवण्यापेक्षा हिरडीतलं रक्त दाबून थांबवणं सोपं असतं. गोळी वॉरफरिनची असेल तर आदल्या दिवशीचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे सांगणारी तपासणी लागते आणि निर्णय हृदयाच्या डॉक्टरांशी बोलूनच होतो. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षाचं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन कधी घेतलं असेल तर ते न विचारताही सांगा. या औषधांनंतर जबड्याचं हाड क्वचित भरून येत नाही.

वडिलांना कवळी घालूनच घेऊन जा आणि बटणाचा नमुना त्यांच्या हातात द्यायला सांगा. टच्‌ आवाज करत अडकणारी कवळी स्वतःच्या बोटांनी उघडझाप करून बघितली की ‘स्क्रू’ या शब्दाचं भय बरंच उतरतं.

प्रश्न : दुबईत असतो. तीन आठवड्यांच्या सुट्टीत पुण्यात येऊन सगळं एकदमच उरकून टाकायचं म्हणतोय, म्हणजे परत धसका नको. आणि ऑपरेशननंतरच्या रात्री काय होतं, हे कुणी नीट सांगत नाही.
— एक वाचक, दुबई

उत्तर : तीन आठवड्यांत स्क्रू बसेल, पक्का दात बसणार नाही. टायटॅनियमला हाड चिकटायला खालच्या जबड्यात साधारण दोन ते तीन महिने आणि वरच्या, भुसभुशीत हाडात चार ते सहा महिने लागतात. हा गुण स्वीडनच्या ब्रानेमार्क यांच्या ध्यानात आला आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवलं. तेव्हापासून वाट बघणं हा या उपचाराचाच भाग आहे. स्क्रू फार घट्ट बसला तर पुढच्या दाताच्या जागी लगेच तात्पुरता दात देता येतो, तोही समोरच्या दाताला न टेकणारा. म्हणून दोन खेपा धरा. दुसऱ्या खेपेचं काम पहिल्यापेक्षा बरंच हलकं असतं. पहिल्या खेपेनंतर इम्प्लांटच्या डबीवरचं कंपनी, माप आणि लॉट नंबरचं स्टिकर मागून घ्या. ते नसेल तर दुबईतल्या डॉक्टरला तुमच्या स्क्रूला लागणारा पाना शोधत बसावं लागतं. वरच्या दाढेसाठी सायनस लिफ्ट, म्हणजे दाढेवरच्या हाडातल्या पोकळीचा तळ उचलून इम्प्लांटला जागा करणं, झालं तर निदान दोन आठवडे विमान नको, नाक शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून द्यायची. त्यात हातोडीनं ठोकत हाड वर ढकलायची पद्धत असेल तर आधी विचारून ठेवा. दुखत नाही, पण डोक्यात घण घातल्यासारखं वाटतं आणि अचानक सुरू झालं तर माणूस हबकतो.

आता ती रात्र. जखमेवर ठेवलेली गॉजची (जाळीदार कापडाची) घडी अर्धा तास घट्ट चावून धरा. दुखण्याची पहिली गोळी भूल उतरायच्या आधीच घ्या. पहिले २४ तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉनं प्यायचं नाही. रक्ताची गुठळी सुटते ती यानंच. गालावर बर्फ १०-१५ मिनिटं ठेवा, तेवढाच वेळ काढा, पुन्हा ठेवा. लाळ गुलाबी दिसेल, उशीवर डाग पडेल. जुना टॉवेल घालून डोकं उंच ठेवून झोपा. दुसऱ्या दिवसापासून क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची चूळ दोनदा. दहीभात, कोमट मऊ खिचडी, नाचणीची आंबील चालेल. चिवडा, शेंगदाणे, तीळ नकोत, त्यांचे कण टाक्यांत अडकतात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. सकाळी आरशात बघून दचकू नका, चौथ्या दिवसापासून ती उतरू लागते. टाके ७ ते १० दिवसांनी.

फोन कधी करायचा? गॉज पुन्हा अर्धा तास दाबूनही ताजं रक्त येत राहिलं तर. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, ताप आला किंवा पू दिसला तर. इम्प्लांटच्या तोंडावर बसवलेली छोटी टोपी सैल होऊन हातात आली तर ती डबीत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दाखवा, कारण हिरडी त्या भोकावर काही दिवसांत मिटते. आणि खालच्या जबड्याच्या कामानंतर दुसऱ्या दिवशी सकाळीही ओठ किंवा हनुवटी बधिर असेल तर त्याच दिवशी कळवा. नसेवर दाब आला असेल तर स्क्रू थोडा मागं घ्यावा किंवा काढावा लागतो आणि त्याचा खरा उपयोग पहिल्या २४ ते ३६ तासांतच होतो. परतीचं तिकीट त्या हिशेबानं काढा. ऑपरेशन सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात ठेवा, शेवटच्या नको.